आमच्या नावाचा नाच

डिसेंबर लागला की ड्रेपरीच्या दुकानांत आयांची गर्दी होते. शाळांच्या गॅदरिंगचा हंगाम असतो. एका दांडीवर मावळे, दुसऱ्या दांडीवर झाशीच्या राण्या, मग शेतकरी, वासुदेव, कोळी-कोळीण आणि शेवटी कुठेतरी 'आदिवासी'. हा पोशाख तुम्ही पाहिला असेलच. हिरव्या कापडाची पानं शिवलेला झगा, कपाळाला रंगीत पिसांची पट्टी, गळ्यात कवड्या नाहीतर प्लास्टिकची हाडं, हातात चंदेरी कागद चिकटवलेला भाला. तोंडाला फासायचा काळा रंग वेगळा घ्यावा लागतो. मग स्टेजवर लाल दिवे लागतात, मधोमध पंख्याच्या वाऱ्यावर कागदी ज्वाळा फडफडतात आणि मुलं 'झिंगालाला हुर्र हुर्र' करत भोवती उड्या मारतात. टाळ्या पडतात. सूत्रसंचालन करणाऱ्या बाई कौतुकाने सांगतात, "आपल्या आदिवासी बांधवांचं हे पारंपरिक नृत्य."

मी वारली आहे. जव्हारकडची. नोकरीमुळे बरीच वर्षं विरारला राहते. हा पोशाख आमच्या घरात, नात्यात, पाड्यावर, आठवडी बाजारात कोणाच्या अंगावर मी कधीही पाहिलेला नाही. माझी आजी गुडघ्यापर्यंत घट्ट कासोट्याचं सुती लुगडं नेसायची. भाताच्या खाचरात दिवसभर वाकून लावणी करायची तर पायघोळ वस्त्र उपयोगाचं नसतं, म्हणून ते आखूड. आजोबा लंगोटी, अंगात बंडी, डोक्याला फडकं आणि कमरेला कोयता अडकवायची लाकडी आकडी अशा वेषात असायचे. आज आमच्या गावातल्या मुली पंजाबी ड्रेस घालतात, मुलं जीन्स घालतात, सुना साड्या नेसतात. पानं आम्ही जेवायला वापरतो, छपरावर आणि इरल्यावर घालतो. अंगावर नाही.

मग हा झगा आला कुठून? पिसांचा मुकुट उत्तर अमेरिकेच्या मैदानी मुलखातल्या मूळ रहिवाशांचा, आणि तिथेही तो मानाने मिळवावा लागतो. गवताचा झगा पॅसिफिक महासागरातल्या बेटांकडचा. हाडं आणि काळा रंग आफ्रिकेबद्दल गोऱ्या लोकांनी रचलेल्या भीतीच्या गोष्टींमधून आला. आपल्या हिंदी सिनेमाने हे सगळं एकत्र केलं, नायक-नायिकेला खांबाला बांधून भोवती नाचणारी एक टोळी उभी केली, आणि सिनेमातून ती ऑर्केस्ट्रात, तिथून शाळेच्या स्टेजवर, गणपतीच्या मंडपात, पाडव्याच्या शोभायात्रेतल्या चित्ररथावर आली. जगाच्या तीन कोपऱ्यांतल्या माणसांना चुकीचं समजून घेऊन एक पोशाख शिवला गेला आणि त्यावर नाव आमचं लागलं.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात १ कोटी ५ लाख आदिवासी आहेत. शंभरांतले नऊ. यात नंदुरबारचे भिल्ल आणि पावरा आहेत, मेळघाटातले कोरकू, यवतमाळचे कोलाम, चंद्रपूर-गडचिरोलीचे गोंड आणि माडिया, रायगडातले कातकरी, सह्याद्रीच्या कुशीतले महादेव कोळी आणि ठाकर, आमच्याकडचे वारली, कोकणा, मल्हार कोळी. गोंडी आणि कोलामी या द्रविड कुळातल्या भाषा, कोरकू मुंडा कुळातली, भिली आणि वारली मराठी-गुजरातीच्या जवळच्या. एका राज्यात तीन भाषाकुळं नांदतात ती आमच्यामुळे. माडिया बाईचं आणि वारली बाईचं लुगडं सारखं नाही, गाणं सारखं नाही, देव सारखे नाहीत. एवढ्या सगळ्यांसाठी दुकानात एकच पिशवी आहे.

कोणी म्हणेल, पिसं खरोखरच घालतात की काही ठिकाणी. घालतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात काठी नावाचं गाव आहे, तिथली होळी प्रसिद्ध आहे. त्या रात्री मोरपिसांचे उंच टोप घातलेले, अंगभर राखेची नक्षी काढलेले, कमरेला घुंगरं आणि भोपळे बांधलेले पुरुष रात्रभर नाचतात. फोटो सगळीकडे फिरतात. फोटोत न दिसणारी गोष्ट अशी की त्यांतले पुष्कळ जण नवस फेडत असतात. त्याआधी काही दिवस ते पाळणी पाळतात, खाटेवर झोपत नाहीत, पथ्याने राहतात. ती पिसं त्या पाळणीनंतर डोक्यावर चढतात. पंढरीच्या वारकऱ्याची तुळशीची माळ कोणी फॅन्सी ड्रेसच्या पट्टीवर शिवून विकायला ठेवली तर आपल्याला कसंतरी होईल. तसंच हे.

माझी मुलगी पाचवीत असताना तिच्या वर्गशिक्षिकांचा फोन आला. आवाजात अगदी खरा आनंद होता. "ताई, यंदा आपण आदिवासी नृत्य बसवतोय, आणि तुमच्या मुलीला मी मधोमध घेतलंय. तिला फार शिकवावंही लागणार नाही, रक्तातच असेल ना तिच्या! आणि हो, तुमच्या गावाकडून खरे ड्रेस मिळाले तर बघा ना, म्हणजे भाडं वाचेल सगळ्यांचं."

या बाई वाईट नव्हत्या, हे मला पहिल्यांदा सांगायचं आहे. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज कागदपत्रांसाठी परत आला तेव्हा त्यांनीच मधल्या सुट्टीत बसून तो नीट भरून दिला होता. वर्गात कोणी तिला चिडवलं तर त्या तिथल्या तिथे थांबवायच्या. मुलीला मधे उभं करून आपण तिचा मान करतोय, असंच त्यांना वाटत होतं. म्हणूनच मला बोलायला जड गेलं. टोचून बोलणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं. कौतुक करणाऱ्याला थांबवायचं तर आपणच कृतघ्न ठरतो.

मी शाळेत गेले. शक्य तितक्या शांतपणे सांगितलं की आमच्यात असं कोणी नाचत नाही, असं कोणी नेसत नाही, आणि माझ्या मुलीच्या तोंडाला काळं लावलेलं मला चालणार नाही. बाई म्हणाल्या, "काळं नाही हो, थोडा डार्क शेड, लाइटमध्ये उठून दिसावं म्हणून." मग त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांचे डोळे भरले. "आमच्या मनात तसं काही नव्हतं हो ताई." पुढची दहा मिनिटं मी त्यांचीच समजूत घालत होते. तुम्ही किती करता मुलांसाठी, मला माहीत आहे, मनाला लावून घेऊ नका. बाहेर पडल्यावर कळलं की ज्या कामासाठी गेले होते ते राहूनच गेलं.

'मनात तसं नव्हतं' हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळदा ऐकलं आहे. मी त्यावर विश्वास ठेवते. पण हे वाक्य आलं की सगळं बोलणं बोलणाऱ्याच्या मनाभोवती फिरायला लागतं. त्यांचं मन किती स्वच्छ आहे, ते किती दुखावलं, आता ते कसं सावरायचं. स्टेजवर मुलांना काय शिकवलं जातंय, हा प्रश्न तिथे उरत नाही. त्या नाचातल्या बहुतेक मुलांनी आदिवासी माणसाबद्दल शाळेत ऐकलेली, केलेली ती पहिली गोष्ट असते. तोंड काळं करायचं, भाला नाचवायचा, अर्थ नसलेले आवाज काढायचे. त्यांतलं एखादं मूल उद्या डॉक्टर होऊन आमच्याकडच्या आरोग्य केंद्रात येईल, एखादं तहसील कचेरीत बसेल. समोर उभ्या असलेल्या बाईला धड बोलता येत असेल, तिला तिच्या आजाराबद्दल नेमकं सांगता येत असेल, तिला सात-बारा वाचता येत असेल, हे त्यांच्या मनात आधीपासून कोणी घातलेलंच नसतं.

आणि माझ्या मुलीने त्या रात्री विचारलं, "आई, आपण आधी असे होतो का?" मला खरा राग तिथे आला.

नाच रद्द झाला नाही. कपड्यांचं डिपॉझिट भरून झालं होतं, मुलांची तयारी झाली होती. कार्यक्रमपत्रिकेत 'आदिवासी नृत्य' खोडून 'जंगल डान्स' केलं गेलं. झगे तेच, भाले तेच, हुर्र हुर्र तेच. बाईंच्या दृष्टीने त्यांनी माझं ऐकलं होतं. माझी मुलगी त्यात नव्हती, ती समूहगीतात उभी राहिली.

हे फक्त शाळेत होतं असं नाही. शाळेतल्या बाईंच्या हातात साठ मुलं, दोन आठवडे आणि 'विविधतेत एकता' असा विषय असतो, त्यांचं मी समजू शकते. मोठी माणसं मोठ्यांच्या जमण्यात जे बोलतात ते जास्त खोल जातं. सोसायटीचा गणपती, हळदीकुंकू, ऑफिसातली सहल. "तुमच्यात किती छान, कसलं टेन्शनच नाही." "तुम्ही लोक निसर्गाच्या जवळ, आजारीच पडत नसाल." (आमच्याकडच्या जव्हार-मोखाड्याचं नाव वर्तमानपत्रात येतं ते कुपोषणाने दगावलेल्या बाळांमुळे.) "तुम्ही वाटत नाही हो आदिवासी!" हे तर शाबासकी दिल्यासारखं म्हणतात. आणि सगळ्यांत जास्त वेळा, सगळ्यांत मायेने, "फार भोळी माणसं हो तुमची."

या भोळेपणाबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे, कारण आम्हाला याची किंमत मोजावी लागली आहे. आजच्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरीकडच्या जमिनी सावकार आणि जमीनदारांकडे कशा गेल्या? वारली भोळा आहे, त्याला हिशेब कळत नाही, असं म्हणत त्याचा अंगठा घेतला गेला. लग्नासाठी थोडे पैसे कर्जाऊ घेतले की नवरा-बायको दोघंही जमीनदाराकडे राबायची, त्याला लग्नगडी म्हणत. जंगलात आणि शेतावर वेठबिगार चालायची. हे सगळं चालू होतं तेव्हाही बाहेरून येणारे लोक आमच्या साधेपणाचं कौतुकच करत होते.

आणि याच भोळ्या म्हटलेल्या माणसांनी मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात हजारोंनी जमून ठरवलं की यापुढे वेठ करायची नाही. गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेतर्फे त्यांच्यासोबत उभे राहिले. पाड्यापाड्यांवर लाल बावटा पोचला, लग्नगडी सुटले, गवतकापणीची मजुरी वाढवून मागितली गेली. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मारले गेले. स्वातंत्र्य यायला अजून दोन वर्षं होती. वेळ ठरवून, मागणी ठरवून, एकमेकांना धरून राहून केलेला तो लढा होता. त्यावर कोणत्या शाळेने गॅदरिंगमध्ये नाट्यछटा बसवल्याचं मला आठवत नाही. बसवली असती तर माझ्या मुलीला मी आनंदाने मधोमध उभं केलं असतं.

नाच दाखवायचाच असेल तर नाचही आहे. तारपा. सुकवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा आणि सांधे बुजवायला मेण. वाजवणारा श्वास न तोडता फुंकत राहतो, गाल सतत फुगलेले. भात तयार व्हायला लागलं की आमच्याकडे तारपा बाहेर निघतो, लावणीच्या चिखलातल्या दिवसांत त्याचं नाव कोणी काढत नाही. बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी करतात, पुढचा घुंगरकाठी आपटत पावलं ठरवतो आणि साखळी तारपेकऱ्याभोवती वळत, उलगडत राहते. तारपेकऱ्याकडे पाठ करायची नसते. एका चालीवर बराच वेळ एकच पाऊल पडतं, मग तारपेकरी चाल बदलतो आणि सगळ्यांच्या पायांना ते एकदम कळतं. हे रात्रभर चालतं. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा नव्वदीच्या घरातही तारपा वाजवताना लोकांनी पाहिले आहेत, त्यांच्या घरात तो पिढ्यान् पिढ्या वाजतो आहे. यात कोणी किंचाळत नाही, भाला नाही, उड्या नाहीत. स्टेजवर चार मिनिटांत बसवायला हे अवघड आहे, मला मान्य आहे. चार मिनिटांत काहीतरी धमाकेदार हवं असतं, म्हणून झगे आणले जातात.

खऱ्या तारपेकऱ्यांना बोलावतात तेव्हाही काय होतं, तेही सांगते. एका मोठ्या कार्यक्रमात आमच्याकडचं पथक स्वागतासाठी बोलावलं होतं. पाहुणे येणार म्हणून सकाळपासून फाटकाशी उभं केलं. गाडीचा हॉर्न वाजला की नाचायचं, मग कळायचं की ही दुसरीच गाडी. अकराच्या उन्हात त्यांना वाजवत ठेवलं. पाहुणे आले, एकाने मधे शिरून फोटोपुरते हात धरले आणि सगळे मंडपात गेले. आतल्या भाषणांत संस्कृती जपण्याबद्दल पुष्कळ बोललं गेलं. पथकाला बसायला खुर्च्या नव्हत्या.

चौकाचंही तसंच. ज्याला लोक वारली पेंटिंग म्हणून ओळखतात, त्याच्या मुळाशी लग्नाचा चौक आहे. घराच्या आतल्या भिंतीवर, शेणा-गेरूने सारवून, तांदळाच्या पिठाने सवाशिणी तो काढतात. मधे पालघट देवी. चौकाशिवाय लग्न लागत नाही. आणि आमचं लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाई. ती गाणी म्हणते, तिच्या गाण्यांतून देवांना बोलावणं जातं. स्त्री पौरोहित्याबद्दल शहरात आता चर्चासत्रं होतात, आमच्याकडे ते पूर्वीपासून आहे, आणि हे सांगितलं की हळदीकुंकवाला जमलेल्या बायका खरंच थक्क होतात. त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

मला चित्र भिंतीवरून कागदावर आल्याचं दुःख नाही. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी १९७० च्या दशकापासून ते जगभर नेलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांनी जाळी काढली, पेरणी काढली, मुंग्यांची रांग काढली, स्वतःच्या नजरेने काढली. २०१४ मध्ये या कलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. अनेक घरं त्यावर चालतात. आमच्या सोसायटीने मागे 'वारली थीम' ठरवली तेव्हा मंडपभर त्रिकोणी माणसं रंगवून घेतली होती, ऑनलाइन नमुना बघून, शहरातल्याच एका रंगाऱ्याकडून. विरारहून रेल्वेने सहज जाता येईल अशा डहाणूकडे ही कला करणारी माणसं राहतात. त्यांना एक फोन करावा असं समितीतल्या कोणाच्या मनात आलं नाही. मी त्याच सोसायटीत राहते. मलाही कोणी विचारलं नाही. पण उद्घाटनाला मात्र मला पुढे बोलावलं, दीपप्रज्वलनाला, "आपल्यातल्याच एक" म्हणून.

माझ्या ऑफिसात वरळी कोळीवाड्यातली एक मैत्रीण आहे. दर वर्षी वार्षिक कार्यक्रमात तिला कोळीगीतावर नाचायला सांगतात. ती छान नाचते, तिला आवडतंही. पण डब्यात सुकट आणली की त्याच टेबलावरचे लोक उठतात. सागरी किनारा रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधून होड्या सुरक्षित जाव्यात म्हणून तिच्या वाड्यातले लोक भांडत होते. खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटर करून घ्यायला त्यांना किती हेलपाटे घालावे लागले, हे तिने सांगायला घेतलं की विषय बदलतो. तिची टोपली आणि तिचा ठेका सगळ्यांना हवा आहे. ती म्हणते, "नाचताना मी त्यांना आवडते, बोलताना नाही." आम्ही दोघींनी यावर बरंच बोलून घेतलं आहे.

मुलगी आता आठवीत आहे. शाळा तीच. या नोव्हेंबरमध्ये त्या जुन्या वर्गशिक्षिका मला भाजी मंडईत भेटल्या. म्हणाल्या, गॅदरिंगला तारपा बोलवायचा विचार आहे, कोणाशी बोलू? त्यांनी मनात ठेवलं होतं, हे मला फार बरं वाटलं. मी त्यांना नीट सांगितलं. माणसं दहा-बारा येतील. गाडी तुम्हाला पाठवावी लागेल, शेवटची एसटी मिळणार नाही म्हणून रात्री झोपायची सोय करावी लागेल. मानधन आधी ठरवायचं आणि त्याच दिवशी हातात द्यायचं. रेकॉर्डिंग लावायचं नाही. स्टेजवर जमणार नाही, साखळी फिरायला मैदान लागतं. मुलांना त्यात घेता येईल का, असं त्यांनी विचारलं. येईल, ज्या कपड्यांत असतील त्या कपड्यांत येऊ द्या, म्हटलं, पावलं तिथेच शिकवतील.

बाईंनी सगळं पिशवीतल्या बिलाच्या पाठीमागे लिहून घेतलं. मुख्याध्यापकांची ना नाही. मैदान मात्र त्या संध्याकाळी पालकांच्या गाड्यांसाठी ठेवलेलं आहे, आणि तो निर्णय संस्थेच्या कार्यकारिणीचा आहे. बैठक पुढच्या शनिवारी आहे. बाईंनी मला सोबत यायला सांगितलं आहे. मी रजा टाकली आहे.